ऐंशी नंबर गैरहजर

स्पीकरच्या खोक्यातून निघालेल्या पत्रकावर एक आलेख छापलेला होता आणि त्या आलेखातली रेघ सरळ होती. माझा संशय तिथेच जागा झाला. चौतीस वर्षे मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले. त्या काळात प्रयोगाचा आलेख इतका सरळ काढणारा एकच विद्यार्थी मला भेटला, आणि त्याने प्रयोग केलाच नव्हता.

"किती छान रेघ आहे," बायको म्हणाली.

"तेच तर," मी म्हणालो.

हा आलेख कशाचा, ते आधी सांगतो. समजल्याशिवाय पुढे जायचे नाही ही माझी जुनी सवय आहे. वर्ग कितीही जांभया देवो. असे समजा की आवाजांचा एक प्रचंड वर्ग आहे. प्रत्येक सुराला हजेरी क्रमांक आहे. वीस नंबर म्हणजे सेकंदाला वीस कंपने, अगदी जाड, पोटातून येणारा आवाज. वीस हजार नंबर म्हणजे डासापेक्षा बारीक. स्पीकरने या सगळ्यांना सारखाच न्याय द्यायचा असतो. मग आपण हजेरी घेतो आणि कोण किती मोठ्याने "हजर" म्हणाला ते कागदावर मांडतो. सगळे सारख्या आवाजात ओरडले तर रेघ सरळ येते. कुणी जास्त ओरडला तर डोंगर, कुणी पुटपुटला तर खड्डा. संपला धडा. घरी वापरायचे स्पीकर काही मुलांचे लाड करतात, म्हणून गाणी गोड लागतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे स्पीकर, ज्यांना स्टुडिओ मॉनिटर म्हणतात, ते कुणाचेच लाड करत नाहीत. निदान दुकानदार तरी तसे म्हणाला होता.

"गुरुजी, हे स्पीकर खोटं बोलत नाहीत," असे त्याचे शब्द होते. स्वतःहून असे सांगणाऱ्या माणसाकडे मी नेहमी दोनदा बघतो. त्याच्याकडे तीनदा बघितले आणि तरीही स्पीकर घेतले.

घ्यावेच लागले. आमच्या गावाबाहेर अंध मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या मुलांसाठी मी तीन वर्षे धडे वाचून पाठवत होतो. नुसते वाचून नव्हे, बोलून. पाऊस कसा पडतो, दिवस लहान का होतात, अपूर्णांकांची बेरीज करताना छेद का बेरजेत घ्यायचे नाहीत. सुरुवातीला मोबाइलवर बोलत असे. पुढे हौस वाढली. आमची सात फूट लांब, सात फूट रुंद अडगळीची खोली रिकामी केली, टेबल टाकले, मायक्रोफोन आणला आणि शेवटी हे स्पीकर.

खोली लावताना मी एक गोष्ट अतिशय शास्त्रशुद्ध केली, ती इथे नमूद करतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणले. ते जिथे छेदले तिथे जमिनीवर खडूने फुली मारली. खोलीचा तंतोतंत मध्य. त्या फुलीवर माझी खुर्ची ठेवली आणि तिच्या चारही पायांभोवती खडूने गोल काढले. "ही खुर्ची हलवायची नाही," असे घरात जाहीर केले. घरात दोनच माणसे, त्यामुळे ते जाहीर करणे बायकोला थोडे लागले असावे. ती तेव्हापासून खुर्चीभोवती झाडत असे, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी, पण भक्तिभाव नव्हता.

नव्या स्पीकरवर माझा आवाज मला पातळ वाटला. ताकात पाणी जास्त व्हावे तसा. वय झाले, म्हणून मी संगणकावरचा खर्ज थोडा वाढवला. मग आणखी थोडा. शेवटी बटण आणखी फिरेना, तेव्हा माझा आवाज मला पंचेचाळिसाव्या वर्षी होता तसा ऐकू आला. मी समाधानाने धडे पाठवू लागलो.

बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हे मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतंय."

"दारात उभं राहून आवाज जोखायचा नसतो," मी समजावले. "त्याची जागा ठरलेली असते." आणि खुर्चीकडे बोट दाखवले.

दोन महिन्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. बाई बोलायला फार मृदू आहेत. त्यांचा आवाज जास्त मृदू झाला की समजावे, काहीतरी वाईट येते आहे.

"गुरुजी, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"नाही, मुलं विचारत होती. म्हणाली, आजोबा विहिरीत पडलेत का? कुणी म्हणालं मडक्यात. मुलं हो, काहीही बोलतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शब्द कळत नाहीत म्हणतात. आपली मुलं कानांवरच शिकतात ना गुरुजी. आता पुढच्या वर्षाचे चाळीस धडे करायचेत. एक गृहस्थ आलेत, विमानतळावर घोषणा करतात. फुकट करतो म्हणालेत. मी त्यांना पंधरा दिवस थांबवलंय. तेवढ्यात तुमचा एक स्वच्छ धडा आला, तर मुलांना ऐकवते आणि मुलंच ठरवतील."

त्या गृहस्थांचा आवाज मी ऐकलेला आहे. तुमचे विमान चार तास उशिरा आहे, हे ते इतक्या गोड आवाजात सांगतात की प्रवासी आभार मानतात. पण अपूर्णांक? छेद बेरजेत का घ्यायचा नाही हे त्या माणसाला स्वतःला ठाऊक असेल का? मला संशय होता. चाळीस धडे गेले तर माझ्याकडे सकाळी उठून करण्यासारखे काय उरते, हा विचारही मनात येऊन गेला. तो मी कुणाला बोलून दाखवला नाही.

विहिरीत पडलो मी नव्हतो, हे उघड होते. मी माझा आवाज ऐकून, तपासून पाठवला होता. म्हणजे मला खोटे ऐकवले गेले होते. आणि खोटे ऐकवणारे खोलीत दोनच जण होते, टेबलावर शेजारी शेजारी, निरागस चेहऱ्याने बसलेले.

माझा भाचा मोठ्या सभागृहांत ध्वनियंत्रणा लावतो. त्याला फोन केला. त्याने पेन्सिलीएवढा बारीक, मोजणीचा खास मायक्रोफोन पाठवला आणि संगणकावर एक प्रोग्रॅम घालून दिला.

"मामा, एकदा मोजा आणि आलेख मला पाठवा. मी वाचून सांगतो."

ज्याला बोटे धरून पाढे म्हणायला मी शिकवले, तो मला आलेख वाचून सांगणार! "बघतो," एवढेच मी म्हणालो. आलेख काही पाठवला नाही.

मोजणी अशी असते. मायक्रोफोन आपल्या डोक्याच्या जागी ठेवायचा. मी खुर्चीच्या उशीवर स्टँड उभा केला, फुलीच्या बरोबर वर. मग स्पीकरमधून एक लांबलचक सूर निघतो. सुरुवातीला रिकाम्या पोटासारखा गुडगुडतो, मग गाय हंबरावी तसा होतो, मग शिट्टी, मग चाकू घासल्यासारखा, आणि मग ऐकूच येत नाही. फक्त खालच्या मजल्यावरचे कुत्रे उठून उभे राहते. पहिल्या दिवशी मी असा सूर अकरा वेळा सोडला. बाराव्या वेळी दारावरची घंटा वाजली.

इमारतीच्या समितीचे सचिव होते. हातात वही. सचिव वहीशिवाय जिनाही चढत नाहीत.

"गुरुजी, काय चाललंय?"

"मोजणी."

"कसली?"

"आवाजाची. वीसपासून वीस हजारांपर्यंत."

सचिव खाली बसले. "वीस हजार जास्त होतात हो. पाचावर भागवा."

"अहो, तो आवाजाचा मोठेपणा नाही. कंपनसंख्या आहे."

"असेल. पण वहीत आकडा मोठा दिसतो. उद्या कुणी म्हणेल, गुरुजींना वीस हजार मंजूर आणि आम्हाला पोरांचा वाढदिवस साडेनऊला बंद करायला लावता."

शेवटी अर्ज लिहून दिला. रोज सकाळी अकरा ते सव्वाअकरा, कारण शैक्षणिक, आवाजाची मर्यादा "आवश्यकतेनुसार". कुत्र्याच्या मालकाची ना हरकत सही मलाच आणावी लागली. मालकाने सही केली, पण कुत्र्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यात हरकत होती.

आता आलेख. प्रोग्रॅममध्ये आलेख गुळगुळीत करायची एक सोय होती. ती मी प्रथम बंद केली. गुळगुळीत करणे म्हणजे लपवणे. दुसरे, बारकाईने दिसावे म्हणून उभ्या अक्षावर एका घराला फक्त एक डेसिबल एवढे प्रमाण घेतले. डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचे माप. मग तो आलेख मी आलेख-कागदावर हाताने उतरवून काढला, कारण हाताने काढल्याशिवाय आलेख अंगी लागत नाही.

साळिंदर! पत्रकावरच्या त्या सरळ रेघेच्या जागी काटेच काटे. आणि ऐंशी नंबरपाशी खड्डा. साधासुधा नव्हे. कागद संपला तरी खड्डा संपेना, म्हणून खाली दुसरा कागद चिकटवला. तो टेबलावरून लोंबू लागला. शेवटी तळ लागला तेव्हा मी गुडघ्यांवर बसलो होतो. पंधरा डेसिबल. वर्गातला ऐंशी नंबरचा मुलगा गैरहजर, आणि त्याच्या बाकावरचे अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी हेही पुटपुटत होते.

ऐंशी म्हणजे माझ्या आवाजाचा पाया. मी जिथून "मुलांनो" म्हणतो ती जागा.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई रक्तदाब बघायला आल्या तेव्हा तो कागद टेबलावर पसरलेला होता. त्यांनी चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"हे कुणाचं आहे? पेशंट कुठे आहे?"

"हा काय, टेबलावर. डावीकडचा."

त्यांनी स्पीकरकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि रक्तदाब दोनदा घेतला. सगळे समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुजी, राग मानू नका, पण कान तपासलेत का कधी?"

राग मानला नाही. पण त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या खुर्चीवर बसून होतो. कान असू शकतात, आवाजही असू शकतो. मुले कधी खोटे बोलत नाहीत, निदान आवाजाबद्दल तरी. मग लक्षात आले, खड्डा कानांनी काढलेला नाही, मायक्रोफोनने काढलेला आहे, आणि मायक्रोफोन तर गेल्याच वर्षी जन्मलेला. त्याला ऐंशी नंबर ऐकू येत नसेल, तर माझ्या कानांना कुणी बोलायचे कारण नाही. मी उठलो आणि संशयितांची यादी केली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे, हे मी हजारो मुलांना शिकवले आहे. तसेच केले. पहिल्या दिवशी वायर बदलली. दुसऱ्या दिवशी डावा-उजवा स्पीकर अदलाबदल. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ उतरवले. चौथ्या दिवशी भाच्याच्या मायक्रोफोनवर संशय आला, म्हणून भाच्यालाच विचारले, त्याने बरा दिला की उरलेला. तो दुखावला. पाचव्या दिवशी इमारतीचा पाण्याचा पंप अकरा वाजताच का लागतो, असे सचिवांना विचारले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. सहाव्या दिवशी बायकोचा नंबर लागला.

"स्पीकर तूच पुसतेस ना?"

"मग?"

"पुसताना कधी पडला, आपटला, असं काही?"

तिने हातातले फडके खाली ठेवले. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"शास्त्रीय संशय आहे. त्यात व्यक्तिगत काही नसतं."

"मग आजचा चहाही शास्त्रीय पद्धतीने करून घ्या. पाणी शंभर अंशाला उकळतं."

खड्डा तसाच राहिला. रोज अकरा वाजता, त्याच जागी, तितकाच खोल. बदलायचे म्हणून खोलीत आता काही उरले नव्हते. सगळे निर्दोष सुटले आणि एकच आरोपी राहिला.

सातव्या दिवशी आलेखाची गुंडाळी काखोटीला मारून मी दुकानात गेलो. दुकानदार एका जुन्या स्पीकरचे पोट उघडून बसला होता.

"गुरुजी, खोलीत मोजलंत ना?" कागद पुरता उलगडायच्या आतच त्याने विचारले. "मग येऊन बघावं लागेल. उद्या-परवा येतो."

येऊन बघतो म्हणणाऱ्यांना मी ओळखतो. नळवाला असेच म्हणाला होता, आमच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरायच्या आधी. तिची मुलगी आता सायकल चालवते. मी तिथूनच थेट ग्राहक तक्रार कार्यालयात गेलो.

तिथल्या कारकुनाने अर्ज घेतला, आलेख उलगडला. तो खिडकीतून माझ्या बाजूला लोंबू लागला.

"तक्रार काय आहे?"

"ऐंशीचा सूर ऐकू येत नाही."

"साक्षीदार?"

"कशाला?"

"आवाजाची तक्रार आहे. आवाज ऐकणारा साक्षीदार लागतो. दोन सह्या."

"पण आवाज येतच नाही, हीच तक्रार आहे."

त्याने विचार केला. मनापासून केला, हे मला मान्य केले पाहिजे. "मग न ऐकणारे दोन साक्षीदार आणा."

न ऐकणारे साक्षीदार मिळवायला आठवा आणि नववा दिवस गेला. सचिव खुर्चीवर बसले, मी ऐंशीचा सूर लावला, त्यांनी न ऐकल्याची सही दिली. त्यांना मुळातच कमी ऐकू येते, ही शंका मी मनातच ठेवली. दुसरी सही डॉक्टरीणबाईंनी दिली, मी कान तपासून घेईन या अटीवर. दहाव्या दिवशी अर्जावर शिक्का बसला. कारकुनाने एक प्रत परत माझ्याच हातात दिली.

"ही दुकानदाराला नेऊन द्या आणि पोच आणा."

"मी?"

"तक्रार तुमची आहे ना?"

तक्रार करणे सोपे असते. ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्यापुढे उभे राहून "इथे सही करा" म्हणणे फार अवघड. वर त्याने चहा मागवला. वाचताना त्याचे कान हळूहळू लाल झाले. अर्जात मी "फसवणूक" हा शब्द तीनदा लिहिला होता, एकदा अधोरेखित.

"पंचवीस वर्षं दुकान आहे गुरुजी," तो म्हणाला. "हा कागद पहिलाच." त्याने सही केली. मग दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढले. "चला. आत्ताच बघू. तेव्हा म्हणालो होतो येतो, पण आईला दवाखान्यात न्यायचं होतं."

मी चहा अर्धाच प्यायलो.

आमच्या घरी तो खोलीच्या दारात थांबला. स्पीकरकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. पत्रकावरचा छापील आलेख आणि माझा हाताने काढलेला आलेख, दोन्ही शेजारी ठेवले.

"गुरुजी, या छापील आलेखात उभं एक घर किती डेसिबलचं?"

मी चष्मा पुसला. पत्रकाच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते. एक घर, दहा डेसिबल.

"आणि तुमच्यात?"

"एक," मी म्हणालो. चौतीस वर्षे मी आलेखावर प्रमाण पाहिल्याशिवाय एक अक्षर बोलू नका, असे सांगत आलो. प्रमाण न वाचणाऱ्याचे दोन गुण कापत आलो. एकदा तर संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचे कापले होते, आणि त्यावरून माझी बदली झाली होती. आणि मी एकाच्या घराची तुलना दहाच्या घराशी करून माणसाला फसवा म्हटले होते! माझे काटे त्याच्या प्रमाणात काढले असते, तर रेघेवर थोडी लव दिसली असती, इतकेच. त्यातही त्यांनी गुळगुळीत करून छापले होते आणि मी एकेक काटा जपला होता.

"काट्यांचं सोडा," मी म्हणालो. स्वाभिमान एका जागी हरला की दुसरी जागा शोधतो. "पण खड्डा? पंधरा डेसिबल दहाच्या प्रमाणातही दीड घर होतात. तो खरा आहे."

"खरा आहे," तो म्हणाला. "मायक्रोफोन कुठे ठेवला होतात?"

"खुर्चीवर. आणि ती कुठे आहे ते बघा." मी अभिमानाने खडूची फुली दाखवली. "कर्ण काढून मध्य काढलाय. सुताएवढीही चूक नाही."

त्याने फुली पाहिली. मग खोलीच्या चार भिंती पाहिल्या. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते हसू होते की दया, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

"ऐंशीचा सूर लावतो. बसा खुर्चीवर."

मी बसलो. काहीच नाही. "बघा!" मी म्हणालो.

"आता उठा, आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा."

मी उठलो. एक पाऊल टाकले आणि पायाखालून काहीतरी गुरगुरले. दुसरे पाऊल, आणखी मोठ्याने. कोपऱ्यात पोचलो तेव्हा छाती हादरत होती, खिडकीची काच थरथरत होती आणि खाली कुत्रे भुंकू लागले होते. ऐंशी नंबर हजर होता. नुसता हजर नव्हता, बाकावर उभा राहून बोंबलत होता.

"सात फुटांच्या दोन भिंतींमध्ये हा सूर ये-जा करतो," दुकानदार म्हणाला. "बरोबर मधल्या जागेत एक लाट दुसरीला पुसते. वजाबाकी शून्य. भिंतीपाशी बेरीज. खोली पुरती चौरस, म्हणून लांबीचा खड्डा आणि रुंदीचा खड्डा एकाच जागी. तुम्ही जराही चुकला असतात, हातभर इकडे-तिकडे, तरी एवढं झालं नसतं."

म्हणजे अचूक होतो, हाच गुन्हा झाला होता. ऐकू येत नाही म्हणून मी खर्ज वाढवत गेलो, आणि तो सगळा वाढवलेला खर्ज शाळेत, मुलांच्या कानांवर. मडके मीच पाठवले होते, दोन महिने, भरून भरून.

"मला तर हा आवाज रोज दारात ऐकू यायचा," मागून बायको म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "मी सांगितलंही होतं. पण माझी जागा ठरलेली नव्हती."

घड्याळ उतरवले, वायरी बदलल्या, भाच्याला दुखावले, पंपावर आळ घेतला, बायकोची जबानी घेतली. एका वेळी एक गोष्ट बदलायची म्हणून सगळे बदलून पाहिले; फक्त मी बसतो ती जागा सोडून. मास्तरांची खुर्ची हलवायची असते, हे मला कधी सुचलेच नाही. वर्गात मुलगा गैरहजर नव्हता. मास्तर अशा ठिकाणी उभे होते की त्याचा "हजर" तिथपर्यंत पोचत नव्हता. आणि अशी किती मुले मी चौतीस वर्षांत गैरहजर लावली असतील, हा हिशेब मी त्या दिवशी सुरू केला आणि लगेच थांबवला.

दुकानदाराने आणि मी खुर्ची सव्वा फूट मागे आणि थोडी डावीकडे घेतली. दर वेळी मोजले. खड्डा उथळ होत होत कागदाच्या आत आला. कोपऱ्यांत बायकोने जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. दुकानदाराने खर्जाचे बटण शून्यावर आणले आणि माझा जुना धडा वाजवला. मला माझाच आवाज ऐकू आला. पंचेचाळिसाव्या वर्षाचा नव्हे. एकाहत्तराव्या वर्षाचा, थोडा खरखरीत, पण शब्द न् शब्द वेगळा.

"हाच आवाज पाठवायचा?" मी विचारले.

"तुमचा हाच आहे गुरुजी," तो म्हणाला.

बाराव्या दिवशी अपूर्णांकांचा धडा नव्याने बोललो आणि शाळेत पाठवला. तेराव्या दिवशी तक्रार मागे घ्यायला कार्यालयात गेलो. मागे घेण्याचा अर्ज तक्रारीच्या अर्जापेक्षा लांब होता. एका रकान्यात "तक्रार मागे घेण्याचे सविस्तर कारण" लिहायचे होते. मी बराच वेळ पेन हातात धरून उभा राहिलो आणि लिहिले : तक्रारदार चुकीच्या जागी बसला होता.

कारकुनाने वाचले, माझ्याकडे पाहिले. "असं कुणी लिहीत नाही हो," तो म्हणाला, आणि शिक्का मारण्याआधी शेजारच्या टेबलावर सगळ्यांना वाचायला दिले. त्याची प्रत द्यायला मीच दुकानात गेलो. या वेळी चहा पुरा प्यायलो. दुकानदाराची आई कशी आहे, तेही विचारले. ते आधी विचारायला हवे होते.

पंधराव्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आवाज मृदू होता. मी खुर्चीत बसून घेतले, नव्या जागी.

"गुरुजी, मुलांना दोन्ही ऐकवले. तुमचा आणि त्या गृहस्थांचा. मुलांशीच बोला." फोनवर खूप पाय वाजले, ढकलाढकली झाली, कुणीतरी कुणाला "माझा नंबर आहे" म्हणाले.

"आजोबा, तुम्ही विहिरीतून बाहेर आलात?" एक मुलगी.

"आलो गं."

"छेद मिळवायचा नाही, कारण छेद म्हणजे नुसतं तुकड्याचं नाव. बरोबर?"

"बरोबर."

"ते विमानवाले काका छान बोलतात. पण ते आम्हाला काही विचारतच नाहीत. तुम्ही विचारता आणि मग थांबता. आम्ही इथे उत्तर देतो."

हे मला माहीत नव्हते. मी थांबतो ते दम लागतो म्हणून. पण ते मी बोललो नाही.

"म्हणजे चाळीस धडे...?"

"तुम्हीच करायचेत. पण आजोबा," तिचा आवाज एकदम गंभीर झाला, आणि मला पुन्हा संशय आला, "देवमाशाचा धडा आहे ना? तो मडक्यातून करा. तो पाण्यात खोल असतो ना, त्याचा आवाज तसाच पाहिजे."

मागून सगळा वर्ग ओरडला, "मडक्यातून!"

फोन ठेवून वळलो तर बायको ओले फडके घेऊन खोलीच्या मधोमध वाकली होती. खडूच्या फुलीचा एक पाय पुसून झाला होता.

"अगं, पुसू नकोस," मी म्हणालो. "देवमासा तिथे बसणार आहे."